दत्ताच्या मूर्तीपुढचे चार कुत्रे कोरतोय, जास्तीचं लाकूड काढायला कोणतं हत्यार घेऊ?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या देवघरात आजोबांच्या वेळची दत्ताची लाकडी मूर्ती आहे, साधारण फूटभर उंच. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पाणी शिरलं तेव्हा आईने मूर्ती आणि गाय पदरात घेऊन वरचा मजला गाठला. चार कुत्रे सुटे होते, ते खाली राहिले. पाणी ओसरल्यावर सगळा चिखल हाताने चाळला, एकही सापडला नाही. तेव्हापासून दत्तजयंतीला मूर्तीपुढची जागा रिकामी दिसते आणि आई दरवर्षी एकदा तरी बोलून दाखवते.

या वर्षी ठरवलं की आपणच करायचे. वखारीतून शिवणीचे ठोकळे आणले, प्रत्येकी ४ इंच उंच, ३ इंच लांब, २ इंच रुंद. सुतारकामाचा अनुभव शून्य. पहिला बसलेला कुत्रा निव्वळ कोरायच्या सुरीने केला. रोज तासभर बसून १९ दिवस लागले. कुत्रा ओळखू येतो, पण माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं आहे. दुसरा उभा करायला घेतला, तर निम्मं काम झाल्यावर मागचा डावा पाय टकन मोडला. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

बारीक काम मला जमतंय, आवडतंयही. दमवतं ते ठोकळ्याचा कुत्र्यासारखा आकार होईपर्यंतचं लाकूड काढणं. त्यासाठी काय वापरावं? व्हिडिओत लोक अँगल ग्राइंडरला दातेरी चकती लावून पाच मिनिटांत आकार काढतात. तसं करू का? खर्च तीन हजारांपर्यंत चालेल. दत्तजयंतीला अजून अडीच महिने आहेत.

दोन्ही कुत्र्यांचे फोटो खाली दिले आहेत.

अनघा_ज

पहिल्याचा फोटो आमच्या आईंना दाखवला. त्या म्हणाल्या, नजर अगदी वर बघणारी आली आहे. दत्ताकडेच बघतोय!

एक विचारू का? दत्ताचे कुत्रे म्हणजे चार वेद. मग लाकूड औदुंबराचं का नाही घेतलं?

कृष्णाकाठ

अनघाताई, आमच्याकडे औदुंबराला कोयता लावत नाहीत. अंगणात एक आहे, त्याची वाळकी फांदी पडली तरी नदीला सोडतात.

चितारआळी

औदुंबर नको हेच बरोबर, आणि नुसतं श्रद्धेपोटी नाही. ते लाकूड कोरड्यात टिकत नाही, लगेच किडा लागतो. पाण्याखाली मात्र चांगलं राहतं, म्हणून पूर्वी विहिरीच्या बांधकामाखाली घालायचे. मूर्तीच्या कामाचं ते नव्हे.

शिवण निवडलीत ते उत्तम. हलकी, फिकट पिवळी, एकदा वाळली की फारशी वळत नाही. बरेच जण सागाचा आग्रह धरतात, पण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूच म्हणा, ती धार खाऊन टाकते. पांगारा सुरीला लोण्यासारखा लागतो, सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांना चालतोही. पण कानाची कड, नाकपुडी अशी बारीक रेघ तो धरत नाही, चुरगळतो. शिशव सुंदर दिसेल, पण नवख्याचा हात मोडेल.

आता पाय का मोडला ते सांगतो. फोटो मोठा करून पाहिला. उभ्या कुत्र्याच्या ठोकळ्यात तुम्ही लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीच्या दिशेने ठेवली आहे, नाकाकडून शेपटीकडे. मग पायात ती रेघ आडवी येते, आणि पाय म्हणजे बिस्किटांची चळत होते. बाजूने जरा दाब आला की दोन बिस्किटांमध्ये तुटणारच. रेघ नेहमी पायातून उभी गेली पाहिजे. बसलेला असो की उभा असो, चौघांचेही पाय सरळ खाली जातात, तेव्हा ठोकळा तसाच उभा धरायचा. पाठ आणि तोंड आडव्या रेघेत आलं तरी चालतं, तिथे जाडी असते. उभे कान आणि वर उचललेली शेपटी तर फायद्यात राहते. आडवी शेपटी केली तर ती सुटी ठेवू नका, मांडीला किंवा खालच्या पाटाला चिकटलेलीच कोरा.

आणखी एक. पुढच्या दोन पायांमधलं लाकूड सगळ्यात शेवटी काढायचं. तोवर तिथे पातळ पडदा ठेवायचा. आमच्या काकांच्या कारखान्यात मी दहावीनंतर तीन वर्षं बसलो. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पाय सुटे केल्यावर त्या जनावराला पुन्हा मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, लावायची नाही. तुमचा पाय बहुतेक सुटा झाल्यानंतर वरून जोर पडून गेला असेल.

हत्यारांबद्दल रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आलं आहे.

कृष्णाकाठ

अगदी तसंच झालं! पाय चारही सुटे करून मग मान कोरत होतो. पाय जोडता येईल का?

चितारआळी

येईल, ताजा मोड असेल तर. तुकड्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका, तुटलेले तंतू एकमेकांत बसले पाहिजेत. फेविकॉल दोन्हीकडे बारीक लावा, दाबून बसवा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशीच सोडा. पण रेघ आडवीच राहणार, तेव्हा तो कुत्रा सरावाचा समजा.

लेथवाला_नाशिक

कृष्णाकाठ, ग्राइंडरबद्दल आधी लिहितो, कारण तुम्ही उद्या दुकानात जाल अशी भीती वाटते.

मी पस्तीस वर्षं मशीनवर काढली. ४ इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्याला साखळीचे दात असलेली चकती लावली की एक दात लाकडात अडकायचा अवकाश, सगळं मशीन उलटं अंगावर येतं. चार फुटी ओंडका जमिनीला बांधून ठेवला असेल आणि माणूस दोन्ही हातांनी मशीन धरून उभा असेल तर ती गोष्ट वेगळी. तुमचा ठोकळा चार इंचाचा आहे. तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने ग्राइंडर चालवायचा विचारही नको. माझ्या हाताखालच्या एका मुलाने लाकडी मूठ घासताना डाव्या अंगठ्याचं टोक गमावलं. फिटर होता, मशीन त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो आवाज मी विसरलेलो नाही.

आता कामाचं. तुमच्या मापाचा ठोकळा घरात होता तो वजन केला: १९० ग्रॅम. बसलेला कुत्रा तयार झाल्यावर ७० च्या आसपास भरेल असा माझा हिशेब आहे. म्हणजे १२० ग्रॅम लाकूड जायचं आहे. सुरीच्या एका सालपटाचं वजन किती? ग्रॅमचा काही भाग. तुम्ही ते १२० ग्रॅम सालपटं काढून संपवलंत, अंगठा सुजणारच. त्यातलं निदान ८० ग्रॅम अख्ख्या तुकड्यांनी पडायला हवं, आणि तुकडा पाडणारं हत्यार एकच: करवत.

प्लायवूडच्या नक्षीकामाला वापरतात ती कमानीची करवत घ्या, कॉपिंग सॉ. वर एक छोटा बाकाला बसणारा वाइस, लाकूड जबड्यात घट्ट पकडायला. दोन्ही तुमच्या खर्चात आरामात बसतात.

राजेश_के

लेथवाला काका, थोडा असहमत. मी गेली चार वर्षं ग्राइंडरनेच मोठी कामं करतो. साखळीची चकती धोक्याची आहे हे शंभर टक्के मान्य, पण कार्बाइडचे बारीक काटे असलेली चकती येते, ती झटका देत नाही, नुसतं खरवडते. दोन फुटी कुत्रा करायचा असता तर मी तीच सुचवली असती.

लेथवाला_नाशिक

राजेश, दोन फुटीला माझीही ना नाही. काटेवाली चकती साखळीपेक्षा पुष्कळ बरी, हेही खरं. पण ती लाकडाची पूड करते, आणि ती पूड घरात, देवघरात, आईंच्या छातीत जाणार. लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती तिथे टाकली आहे. करवतीचा भुसा जड असतो, खाली पडतो, झाडून काढता येतो.

राजेश_के

धुळीचा मुद्दा मान्य. मी अंगणात, एन-९५ लावून काम करतो ते लिहायला हवं होतं. फ्लॅटमध्ये ग्राइंडर नकोच.

मिनेसोटाची_माय

इथे आमच्या गावात दर गुरुवारी लाकूड कोरणाऱ्यांचा कट्टा जमतो, बहुतेक सगळे सत्तरीचे आजोबा. मी आठ वर्षं जाते. तिथे शिकलेली एक युक्ती तुमच्या कामाला नेमकी लागू पडेल.

ठोकळ्याच्या एका अंगावर कुत्र्याची बाजूने दिसणारी आकृती काढायची. शेजारच्या अंगावर समोरून दिसणारी. दोन्हींची उंची तंतोतंत जुळली पाहिजे, कान कानाच्या रेषेत, छाती छातीच्या रेषेत. आधी बाजूची आकृती करवतीने कापायची. गंमत पुढे आहे. कापलेले तुकडे टाकायचे नाहीत. ते पुन्हा जागच्या जागी लावून चिकटपट्टीने बांधायचे. ठोकळा परत चौकोनी झाला, समोरची रेखाटलेली आकृतीही परत मिळाली, आणि वाइसमध्ये धरायला सपाट बाजू आल्या. मग दुसरी आकृती कापायची. पट्टी सोडली की आतून कुत्रा बाहेर येतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने "अगंबाई" म्हणाले होते.

आकृतीच्या रेषेवर नाही, रेषेबाहेर दोन मिलिमीटर कापा. नाकाला तर तीन ठेवा. नाक नेहमी आखूड होतं.

करवत वापरली म्हणजे हाताचं काम राहिलं नाही असं वाटून घेऊ नका. स्वीडनमधल्या दालार्ना भागातले लाल घोडे सुरीने कोरण्यासाठी जगभर नावाजलेले आहेत. तिथेही नुस्नेस गावात आधी ठोकळ्यावर आकार छापतात, पट्ट्याच्या करवतीने कापतात आणि मगच तो घोडा सुरीवाल्याच्या हातात जातो.

चितारआळी

मिनेसोटाताईंनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं लिहितो.

करवत बाहेरच्या वळणाला छान चालते, आतल्या खळग्याला नाही. मान आणि पाठ यांच्यामधला खळगा, मांडीखालची जागा, हनुवटीखालची जागा. तिथे असं करा: खळग्याच्या तळाच्या रेषेपर्यंत पाव पाव इंचावर साध्या करवतीने उभे काप द्या, कंगव्यासारखे. मग सपाट पटाशीने दातांच्या मुळाशी हलकी मोगरी. दात पटापट ढलप्या होऊन उडतात. काप रेषेपर्यंतच गेले असल्यामुळे चीर पुढे पळत नाही.

पायांमधल्या जागेला ड्रिल. ६ मिलिमीटरच्या बिटाने ओळीने भोकं पाडायची, आरपार नाही, पडद्यापर्यंत. हे कोणी सांगत नाही. लोक पायांत सुरीचं टोक घालून उकरत बसतात आणि पाय चिरतो.

त्यानंतर गोल पटाशी, म्हणजे पन्हळीसारख्या वळलेल्या पात्याची. एकच घ्यायची असेल तर १२ ते १६ मिलिमीटर रुंदीची, बेताच्या खोलीची घ्या, फार खोल नको. तिने लाकूड रेघेला आडवं काढायचं. रेघेच्या दिशेने मारली तर पटाशी खाली घुसते आणि हवी त्याहून मोठी ढलपी ओढून आणते. आडवी मारली की आपल्या मापाची चिपडी निघते, खाली पन्हळी उरतात. त्या पन्हळी सुरीने पुसायच्या. तुमच्या सुरीचं काम इथून सुरू होतं.

ठोकळा पुढच्या वेळी ४ नाही, ५ इंच उंच घ्या. खालचा एक इंच वाइसच्या जबड्यात राहू द्या. पटाशी मारताना दोन्ही हात पात्याच्या मागे राहतात. हातात धरलेल्या लाकडावर पटाशी मारायची नाही, कधीच नाही.

हाडांचा_डॉक्टर

कृष्णाकाठ, अंगठ्याच्या मुळाशी सूज आणि मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ येत असेल तर ती बहुतेक स्नायुबंधाच्या आवरणाची सूज आहे. दोन आठवडे सुरी पूर्ण बंद ठेवा, आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, फोटोवरून निदान करता येत नाही. पुन्हा सुरू कराल तेव्हा सुरीची मूठ जाड करून घ्या. पातळ मूठ आवळून धरावी लागते, तिथेच सगळा ताण येतो. सायकलच्या हँडलचं रबर चढवलं तरी फरक पडतो. आणि दर वीस मिनिटांनी हात उघडा.

चितारआळी

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. त्यात भर एवढीच की बोथट सुरी हात सुजवते. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं आणि पाजायची. जुन्या कातडी पट्ट्याचा वीतभर तुकडा फळीला चिकटवा, त्यावर हिरवी पॉलिशची वडी घासा. सुरी पाठीकडे ओढत दोन्ही बाजूंनी वीस वीस वेळा. दर अर्ध्या तासाला. धार बघायला दंडावरचे केस कापू नका, शिवणीच्याच तुकड्यावर रेघेला आडवा काप देऊन बघा. काप चमकला तर धार आहे. पांढुरका, तंतू ओढल्यासारखा दिसला तर नाही.

मोती_आणि_मी

लाकडातलं मला काही कळत नाही, पण घरात तीन कुत्रे आहेत आणि पहिल्या फोटोत एक गोष्ट खटकली. रागावू नका.

कुत्र्याच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे. तो घोटा आहे, म्हणजे आपली टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा बसतो तेव्हा टाचेपासून बोटांपर्यंतचा सगळा भाग जमिनीला टेकतो आणि गुडघा पोटाशी वर येतो. तुमच्या कुत्र्याच्या मांडीखाली नुसता गोल पंजा आहे, त्यामुळे तो उशीवर बसल्यासारखा वाटतो. मांडीखाली लांब, चपटं पाऊल दिलंत की तो जमिनीवर बसेल.

आणि छाती पुढच्या पायांच्या मधे खाली उतरते, कोपरापर्यंत. तिथलं लाकूड लवकर काढू नका.

कृष्णाकाठ

मोती_आणि_मी, रागवेन कशाला! हा प्रतिसाद वाचून गल्लीतल्या राजा कुत्र्याशेजारी अर्धा तास बसलो. बरोबर आहे. पहिल्याच्या मांडीखाली लाकूड शिल्लक आहे, पाऊल निघेल.

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉपिंग सॉ, वाइस आणि १४ मिलिमीटरची गोल पटाशी आणली. डॉक्टरांनी स्नायुबंधाचंच सांगितलं, पंधरा दिवस सुट्टी.

कृष्णाकाठ

सुट्टी संपली. काल तिसरा ठोकळा करवतीला घेतला. अडचण अशी की समोरून रेषेवर करवत बरोबर चालते, पण मागे बघितलं तर चार-पाच मिलिमीटर आत गेलेली. पाठ एका बाजूला चोरल्यासारखी झाली. दोन पाती तुटली.

लेथवाला_नाशिक

पातं ढिलं आहे. बोटाने वाजवलं की तार छेडल्यासारखा आवाज आला पाहिजे, तेवढं ताणा. दाते मुठीकडे करून बसवा, म्हणजे ओढताना कापेल आणि पातं वाकणार नाही. ढकलू नका, वजन देऊ नका, लांब हात मारा, करवत आपल्या वजनाने उतरते. दर दहा हातांनंतर मागे बघा. दोन इंच जाडी ही त्या करवतीला जरा जास्तच आहे, तेव्हा घाई नको. पात्याला मेणबत्ती घासा.

मिनेसोटाची_माय

आणि घट्ट वळणावर एकदम वळू नका. आधी बाहेरून वळणापर्यंत सरळ काप देऊन घ्या, म्हणजे तुकडे वाटेतच गळून पडतात आणि पातं अडकत नाही. पाती अशीच तुटतात, माझी पहिल्या महिन्यात सात गेली.

कृष्णाकाठ

तिसरा कुत्रा परवा पुरा झाला. ठोकळा मोजला होता: एक इंच जास्तीचा धरून २३५ ग्रॅम. करवतीने पडलेले तुकडे एका डब्यात जमवले, ११५ ग्रॅम. ड्रिल आणि पटाशीच्या ढलप्या ३८. सुरीने फक्त ९ ग्रॅम सालपटं निघाली! कुत्रा ७१ वर आला. लेथवाला काका, तुमचा अंदाज एका ग्रॅमने चुकला. उरलेले दोन ग्रॅम भुसा असावा, तो आईने झाडून टाकला.

वेळ लागला आठ संध्याकाळी. त्यातल्या दोन करवतीच्या, एक पटाशीची, बाकी पाच सुरीच्या. अंगठा ठीक आहे.

एक क्षण सांगतो. चिकटपट्टी सोडली आणि तुकडे बाजूला झाले तेव्हा आई शेजारी भाजी निवडत होती. कुत्र्याला अजून डोळे नव्हते, तोंड नुसतं चौकोनी होतं. तरी तिने शेंगा खाली ठेवल्या आणि म्हणाली, "आला."

अनघा_ज

वाचताना अंगावर काटा आला. फोटो टाका.

कृष्णाकाठ

फोटो खाली देतो. पहिल्याचं पाऊल दुरुस्त केलं. दुसऱ्या, मोडलेल्या कुत्र्याच्या जागी नवा, उभ्या रेघेचा ठोकळा कापून ठेवला आहे. पाय जोडलेला सरावाचा कुत्रा टाकवत नाही, तो खिडकीत ठेवला.

आता शेवटचे दोन प्रश्न. वरून काय लावू? आणि चौथ्याचे कान उभे ठेवू की पडलेले?

मिनेसोटाची_माय

जवसाचं तेल, दोन पातळ हात, मध्ये तीन-चार दिवस. शिवण सोनेरी होते. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पॉलिश पेपर मात्र लावू नका. सुरीचे सपाट काप तसेच राहू द्या, समईच्या उजेडात ते सुरेख दिसतील.

मोती_आणि_मी

आपले गावठी असतात तसा करा, एक कान उभा आणि एक मधेच मोडलेला.

कृष्णाकाठ

एक उभा, एक मोडलेला. ठरलं.

आणि या वेळी चौघांना सुटं ठेवत नाही. वाइसमध्ये धरायला ठेवलेल्या इंचातला पाव इंच तळ म्हणून राखतोय. त्यातून चौघे एकाच सागवानी पाटावर खालून स्क्रूने बसवणार. पाट उचलला की सगळे एकदम वर जातील.

चितारआळी

स्क्रू पितळी घ्या, आणि आधी बारीक बिटाने वाट करून मगच फिरवा. रेघ उभी आहे, थेट घुसवलात तर तळ चिरेल.